अँप लावला तरी प्लेयरचा आवाज सुधारत नाही? दोष कुठे आहे ते असे शोधा

ही तक्रार ठरावीक रूपात येते. मोबाइलला किंवा म्युझिक प्लेयरला वेगळा हेडफोन अँप, म्हणजे हेडफोनसाठी सिग्नल वाढवणारं छोटं यंत्र, जोडला, सुरुवातीला आवाज भरदार वाटला आणि आठवडाभरात फरक कळेनासा झाला. किंवा पूर्वी नव्हती ती सळसळ आता ऐकू येते, डावी-उजवी बाजू कमीजास्त वाजते, मोठ्या आवाजात गाणं फाटतं. त्याच अँपबद्दल दुसरा कुणी सांगतो की त्याचा हेडफोन आता कुठे वाजायला लागला. दोघेही खरंच सांगत असतात, कारण निकाल अँपवर कमी आणि हेडफोन-प्लेयरच्या जोडीवर जास्त अवलंबून असतो.

हेडफोन अँप तीनच गोष्टी देऊ शकतो: जास्त व्होल्टेज, जास्त करंट आणि कमी आउटपुट इम्पीडन्स (सिग्नल बाहेर पडताना यंत्राचा स्वतःचा विद्युत विरोध). तुमच्या जोडीत या तिन्हींपैकी काहीतरी कमी पडत असेल तर सुधारणा स्पष्ट ऐकू येते, कान टवकारून बसावं लागत नाही. काहीच कमी पडत नसेल तर कितीही महागडा अँप आणा, तो त्याच आवाजात स्वतःची सळसळ तेवढी मिसळेल. म्हणून अँप घेण्याआधी किंवा परत करण्याआधी आपली उणीव नेमकी कोणती ते शोधायचं. त्यासाठी लागतं एक मल्टिमीटर, ३३ ओहमचा एक पाव वॅटचा रेझिस्टर आणि साइन टोनच्या, म्हणजे एकाच शुद्ध स्वराच्या, चार-पाच फाइली.

आधी अँपशी संबंध नसलेले दोष काढून टाका

बेस कमी असण्यामागे बहुतेक वेळा इयरफोनचं सैल बसणं असतं. रबरी टीप कानाच्या नळीत घट्ट बसली नाही की खालचे स्वर गळून जातात, १०० हर्ट्झखाली दहा-वीस डेसिबलचा खड्डा सहज पडतो. ५० हर्ट्झचा टोन बारीक आवाजात लावा आणि इयरफोन बोटाने हलकेच आत दाबा. टोन एकदम मोठा झाला तर टीपचं माप चुकलंय. एक माप मोठी किंवा फोमची टीप लावून पाहा. कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये हेच काम कुशन करते. ती चपटी झाली असेल किंवा चष्म्याच्या काडीमुळे फट राहत असेल तर बेस तिथूनच निसटतो.

एक बाजू बारीक वाजत असेल तर इयरफोन उलटसुलट कानात घालून पाहा. दोष इयरफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर त्याच्या तोंडाशी असलेली जाळी मळाने भरली असण्याची शक्यता मोठी. जाळी बदलता येत असेल तर बदला. नसेल तर तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, म्हणजे मळ आत ढकलला जाणार नाही.

गायकाचा आवाज पार मागे गेला आणि वाद्यं मात्र पोकळ, घुमल्यासारखी ऐकू येत असतील तर ग्राउंड, म्हणजे दोन्ही चॅनेलची सामायिक परतीची तार, तुटलेला आहे. ग्राउंड सुटला की दोन्ही कानांना डाव्या-उजव्या चॅनेलमधला फक्त फरक मिळतो, आणि मध्यभागी मिसळलेला गायक दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे वजा होऊन जातो. माइक असलेल्या चार कड्यांच्या पिनने हा घोटाळा वारंवार होतो, कारण तीन कड्यांच्या जॅकचा ग्राउंड काही वेळा माइकच्या कडीला टेकतो. याची परीक्षा सोपी आहे. वायरवरचं प्ले-पॉजचं बटण दाबून धरा. ते बटण माइक आणि ग्राउंड जोडून टाकतं, त्यामुळे दाबलेलं असेपर्यंत गाणं ठीक झालं तर दोष पिनचाच. पिन किंचित बाहेर ओढून बसवा किंवा चारचं तीन करणारा जोड वापरा. अँपच्या जॅकवर हा त्रास प्लेयरच्या जॅकपेक्षा जास्त होतो, कारण मोबाइलचा जॅक चार कड्यांसाठीच केलेला असतो.

इक्वलायझरमध्ये बेस सहा डेसिबलने चढवला असेल तर प्रीअँपची पट्टी तेवढीच, म्हणजे उणे सहावर आणा. नाहीतर सिग्नल डिजिटल टप्प्यातच छाटला जातो आणि पुढे जोडलेला अँप तो फाटका आवाज फक्त मोठा करतो. १२८ केबीपीएसच्या एमपी३ फाइलमध्ये जे उरलेलं नाही तेही अँप परत आणू शकत नाही. आणि ब्लूटूथ हेडफोनच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही: त्याचा डॅक (डिजिटल फाइलचा विद्युत सिग्नल करणारी चिप) आणि अँप दोन्ही त्याच्या पोटात असतात.

"फुल केलं तरी आवाज पुरत नाही"

इथे गणित करावंच लागतं, आणि ते पाच मिनिटांचं आहे. हेडफोनच्या कागदावर दोन आकडे असतात, इम्पीडन्स (हेडफोनचा विद्युत विरोध, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलला तो किती मोठा वाजतो). सेन्सिटिव्हिटी डेसिबल प्रति मिलिवॅट आहे की प्रति व्होल्ट, हे आधी नीट वाचा. दोन्ही एकच समजणं ही या विषयातली नेहमीची चूक आहे. प्लेयरची मर्यादा बहुधा व्होल्टेजची असते, म्हणून सगळं प्रति व्होल्टमध्ये आणलेलं बरं. मिलिवॅटचा आकडा दिला असेल तर त्यात १६ ओहमला १८, ३२ ला १५, ६४ ला १२, १०० ला १०, ३०० ला ५ आणि ६०० ओहमला २ डेसिबल मिळवा. आलेली बेरीज म्हणजे एक व्होल्टला मिळणारा आवाज.

लक्ष्य ११० डेसिबलचं धरा. इतक्या मोठ्याने सतत ऐकायचं असं मुळीच नाही, हा आकडा गाण्यातल्या क्षणिक टोकांसाठी आहे. सरासरी ८५ ते ९० डेसिबल ठेवून ऐकताना ज्या ध्वनिमुद्रणात चढउतार मोठे आहेत तिथे टोकं वीसेक डेसिबल वर जातात. तेवढी जागा नसली की ढोलाचा ठोका चपटा होतो.

आता बायरडायनॅमिकचा डीटी ८८० घ्या. हा हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन आवृत्त्यांत निघाला आणि तिन्हींची सेन्सिटिव्हिटी ९६ डेसिबल प्रति मिलिवॅट सांगितली जाते. ११० डेसिबलला तिघांनाही सारखीच, सुमारे २५ मिलिवॅट पॉवर लागते. पण व्होल्टेज पाहा: ३२ ओहमला ०.९ व्होल्ट, २५० ओहमला २.५ व्होल्ट, ६०० ओहमला ३.९ व्होल्ट. मोबाइलच्या डोंगलमधून, म्हणजे यूएसबीला लावायच्या हेडफोन जॅकच्या जोडातून, साधारण एक व्होल्ट मिळतो. म्हणजे पहिली आवृत्ती तशीच चालेल, दुसरी आठ डेसिबल कमी पडेल आणि तिसरी जवळजवळ बारा. नाव एकच, पण अँपची गरज तिघांची वेगवेगळी.

दुसरं टोक प्लेनर हेडफोनचं, म्हणजे ज्यात चुंबकांमधला सपाट पातळ पडदा हलतो त्याचं. हायफायमॅन एचई-६ हा ५० ओहमचा, ८३.५ डेसिबल प्रति मिलिवॅटचा. ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर लागतात. इथे व्होल्टेजबरोबर करंटही मोठा हवा, त्यामुळे खिशात मावणारे बरेच अँपही हात टेकतात. याउलट १६ ओहम आणि १०५ डेसिबल प्रति मिलिवॅटचा साधा इयरफोन तेवढ्याच आवाजाला ०.२३ व्होल्ट आणि १४ मिलिअँपिअर घेतो. कोणताही धडका प्लेयर हे देतो, त्याला आवाजासाठी अँप लावण्यात काही हशील नाही.

प्लेयर एक व्होल्टच्या आसपास का अडकतो? लिथियम सेल ३.७ व्होल्टचा. व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसेल तर सिग्नल मध्यापासून वर-खाली १.८५ व्होल्टपर्यंतच झुलू शकतो आणि त्याचं आरएमएस (परिणामी सरासरी) मूल्य जास्तीत जास्त १.३ व्होल्ट भरतं. खालच्या व्होल्टेजवर चालणाऱ्या चिपमध्ये ते अर्ध्या व्होल्टवर येतं. दोन व्होल्ट किंवा जास्त देणाऱ्या प्लेयरमध्ये त्यासाठी वेगळी व्यवस्था केलेली असते.

अँप घेण्याआधी दोन सेटिंग तपासा. एक, आवाजाची मर्यादा. युरोपीय ईएन ५०३३२ मानकात हेडफोनशिवाय विकल्या जाणाऱ्या प्लेयरचं आउटपुट चाचणीच्या सिग्नलला १५० मिलिव्होल्टपर्यंत रोखलेलं आहे, आणि त्या बाजारासाठी बनलेल्या यंत्रांत ही मर्यादा सॉफ्टवेअरमध्येच बसवलेली असते. अॅपलच्या यूएसबी-सी डोंगलची युरोपीय आवृत्तीसुद्धा एकाऐवजी अर्धा व्होल्टच देते. दोन, हेच डोंगल काही अँड्रॉइड मोबाइलवर फारच बारीक वाजतं, कारण त्याच्या आतला व्हॉल्यूम मोबाइल पूर्ण उघडत नाही. यूएसबीशी थेट बोलणारं संगीत अॅप वापरलं की तोच डोंगल पूर्ण ताकदीने वाजतो. अशा वेळी अँपची उणीव नसतेच.

एक गोष्ट मात्र तळमळीने सांगावीशी वाटते. फक्त बसमध्ये किंवा गजबजाटात आवाज पुरत नसेल तर अँप लावू नका, बाहेरचा आवाज अडवणारा इयरफोन घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

"आवाज पुरतो, पण बेस पातळ आहे"

टीप नीट बसलेली आहे, इक्वलायझर सपाट आहे, तरीही तोच इयरफोन दुसऱ्या यंत्रावर जास्त भरून वाजतो. जुन्या प्लेयरमध्ये यामागे आउटपुटचा कपॅसिटर असतो. प्लेयरच्या आतल्या, एकाच पुरवठ्यावर चालणाऱ्या अँपचं आउटपुट पुरवठ्याच्या अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत असतं. ते डीसी हेडफोनमध्ये जाऊ नये म्हणून मध्ये कपॅसिटर घालतात. हा कपॅसिटर आणि हेडफोनचा इम्पीडन्स मिळून खालचे स्वर अडवणारा फिल्टर तयार होतो. हेडफोन जितका कमी ओहमचा, तितकी ही कात्री वर सरकते.

आकडे असे. २२० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि १६ ओहमचा इयरफोन असेल तर ४५ हर्ट्झला सिग्नल तीन डेसिबल खाली येतो. तोच कपॅसिटर ३२ ओहमला २३ हर्ट्झवर कापतो आणि ३०० ओहमला २.४ हर्ट्झवर, म्हणजे कानाला कळणारच नाही. जागा वाचवण्यासाठी १०० मायक्रोफॅरॅडचा घातला असेल तर १६ ओहमला कात्री थेट १०० हर्ट्झवर येते. डग्ग्याचा घुमारा आणि बेस गिटारचा खालचा सप्तक तिथेच राहतो.

अँप लावून खरोखर फायदा होतो तो असा. अँपचा इनपुट इम्पीडन्स साधारण १० हजार ओहम किंवा जास्त असतो. प्लेयरच्या त्याच २२० मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरला आता १६ ओहमऐवजी १० हजार ओहम दिसतात आणि कात्री ०.०७ हर्ट्झवर जाऊन बसते. खालचे स्वर जसेच्या तसे अँपपर्यंत पोचतात. व्हॉल्यूम वाढवावाच लागत नाही, ओझं उतरलं एवढंच पुरतं. पूर्वीच्या प्लेयरना अँप लावून "बेस परत आला" असं लोक सांगायचे, त्यात म्हणूनच तथ्य होतं. नव्या चिपमध्ये उणे व्होल्टेज आतच तयार होतं, त्यामुळे असा कपॅसिटर लागत नाही आणि ही सुधारणाही मिळत नाही.

तुमच्या प्लेयरमध्ये हा दोष आहे का ते असं पाहा. ३३ ओहमचा रेझिस्टर एका चॅनेलवर लोड म्हणून, म्हणजे हेडफोनच्या जागी, जोडा. ४०० हर्ट्झचा टोन लावून एसी व्होल्टेज वाचा. व्हॉल्यूमला हात न लावता त्याच पातळीचा ४० हर्ट्झचा टोन लावा. दोन्ही वाचनं सारखी आली तर कपॅसिटर दोषी नाही. ४० हर्ट्झचं वाचन ४०० च्या ७० टक्क्यांवर आलं तर तीन डेसिबल तिथेच गेले, आणि १६ ओहमच्या इयरफोनला नुकसान याहून जास्त होणार.

घरी अँप बनवणाऱ्यांनी हाच हिशोब इनपुटलाही लावावा. सीमॉय या घरी बनवायच्या लोकप्रिय छोट्या अँपच्या प्रचलित सर्किटमध्ये इनपुटला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर असतो. कात्री १६ हर्ट्झवर, म्हणजे ठीक. पण हाताशी होता म्हणून तिथे १० किलोओहमचा बसवला तर ती १६० हर्ट्झवर चढते, आणि बेससाठी बनवलेला अँपच बेस खातो.

"चांगले इयरफोन या प्लेयरवर वेगळेच वाजतात"

आउटपुट इम्पीडन्स हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारच्या (आत बारीक धातूची पट्टी हलून आवाज काढणाऱ्या) इयरफोनचा इम्पीडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एका कानात तीन-चार ड्रायव्हर असतील तर तो एका ठिकाणी ८ ओहम आणि दुसरीकडे ५० ओहम असू शकतो. प्लेयरचा स्वतःचा इम्पीडन्स या इयरफोनशी मालिकेत येतो आणि जिथे इयरफोनचा इम्पीडन्स कमी तिथे सिग्नल जास्त खातो.

प्लेयरचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल तर ८ ओहमच्या ठिकाणी सात डेसिबल जातात आणि ५० ओहमच्या ठिकाणी फक्त दीड. म्हणजे साडेपाच डेसिबलचा इक्वलायझर कुणी न विचारता लावून ठेवला. तोच इयरफोन एक ओहमच्या आउटपुटवर लावला की हा फरक एका डेसिबलच्या आत येतो. यालाच लोक "अँप लावल्यावर इयरफोन उघडला" म्हणतात. तो पॉवरचा परिणाम नाही, बनवणाऱ्याने ठरवलेला टोन परत मिळाला इतकंच. ईटिमोटिकच्या इआर-४ पी या २७ ओहमच्या इयरफोनला ७५ ओहमचा जोड लावून तो १०० ओहमच्या इआर-४ एससारखा वाजवायची सोय होती. नुसत्या मालिकेतल्या रेझिस्टरने वरचे स्वर उजळ व्हायचे, यावरून हा परिणाम किती खरा आहे ते कळतं.

प्लेनर हेडफोनचा इम्पीडन्स जवळपास सपाट असतो, त्यामुळे त्याला यातलं काही होत नाही, आवाज तेवढा कमी होतो. एका डायनॅमिक ड्रायव्हरचे (नेहमीची तारेची गुंडाळी आणि पडदा असलेले) बहुतेक इयरफोनही फारसे बधत नाहीत. ३०० ओहमच्या डायनॅमिक हेडफोनचा इम्पीडन्स बेसच्या अनुनादाला ५०० ओहमपर्यंत चढला तरी १० ओहमच्या आउटपुटवर फरक ०.१ डेसिबलचा. कुणाच्या कानाला तो कळायचा नाही.

मोजायची रीत:

१. २०० किंवा ४०० हर्ट्झचा टोन लावा. स्वस्त मल्टिमीटर याहून वरच्या फ्रिक्वेन्सीला खोटं बोलतात. मीटरला दोन व्होल्टची एसी रेंज हवीच. ज्या मीटरला २०० व्होल्टपासून सुरुवात आहे तो इथे कामाचा नाही.

२. काही न जोडता पिनच्या टोकावर आणि ग्राउंडवर व्होल्टेज वाचा. समजा ०.५०० आलं.

३. व्हॉल्यूम न हलवता ३३ ओहमचा रेझिस्टर त्याच दोन टोकांना जोडा आणि पुन्हा वाचा. समजा ०.४३५ आलं.

४. दोन वाचनांतला फरक दुसऱ्या वाचनाने भागा आणि ३३ ने गुणा. ०.०६५ भागिले ०.४३५ गुणिले ३३ म्हणजे सुमारे पाच ओहम.

व्हॉल्यूम मध्यमच ठेवा. पूर्ण उघडला आणि लोडखाली आउटपुट छाटलं गेलं तर आलेला आकडा इम्पीडन्सचा नसेल. हेडफोनच्या सर्वांत कमी इम्पीडन्सच्या आठव्या भागापेक्षा आउटपुट इम्पीडन्स कमी असावा, हा व्यवहारातला नियम. ८ ओहमपर्यंत उतरणाऱ्या इयरफोनला म्हणून एक ओहम किंवा कमी हवा. अँप घेताना हाच आकडा आधी विचारा. दहा ओहमचा अँप एका ओहमच्या डोंगलला जोडलात तर पैसे देऊन आवाज बिघडवून घ्याल.

खरंच सुधारला का, हे तपासताना

कान सगळ्यात जास्त फसतो तो आवाजाच्या पातळीला. एक डेसिबलने मोठं केलेलं गाणं "मोठं" वाटत नाही, ते स्वच्छ, भरीव, मोकळं वाटतं. शिवाय पातळी वाढली की बेस आणि वरचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त उठून येतात. पहिल्या आठवड्यातला आनंद बहुतेक इथूनच येतो.

म्हणून तुलना करण्याआधी पातळी जुळवा. दोन बाजूंना जाणारा जोड लावून एका बाजूला हेडफोन आणि दुसऱ्या बाजूला मीटर ठेवा. हेडफोन जोडलेलाच हवा, रिकामं आउटपुट मोजून उपयोग नाही. ४०० हर्ट्झच्या टोनला थेट प्लेयर आणि प्लेयर अधिक अँप यांचं व्होल्टेज दोन टक्क्यांच्या आत आणा. ३०० मिलिव्होल्टला सहा मिलिव्होल्ट इकडे-तिकडे चालेल, ते ०.२ डेसिबलच्या आत बसतं. मग दुसऱ्या माणसाला नाणं उडवून जोडणी ठरवायला सांगा आणि तुम्ही न बघता ओळखा. दहापैकी नऊ किंवा दहा वेळा बरोबर आलं तर फरक खरा धरायला हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता एका टक्क्याच्या आसपास असते. सात बरोबर आले तर ते अंदाजानेही सहज येतात.

अँप लावल्यावर नव्याने आलेले दोष

सळसळ. गाणं थांबवा आणि अँपचा व्हॉल्यूम फिरवा. सळसळ व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर ती प्लेयरकडून येतेय. प्लेयरचा आवाज वाढवा, अँपचा कमी करा. ती तशीच स्थिर राहिली तर अँपची स्वतःची आहे आणि तुमच्या इयरफोनला तो अँप चालणार नाही. शुअर एसई५३५ सारखा इयरफोन, ३६ ओहम आणि ११९ डेसिबल प्रति मिलिवॅट, एका व्होल्टला १३३ डेसिबल देतो. अँपची स्वतःची सळसळ २० मायक्रोव्होल्ट असेल तर ती या इयरफोनमध्ये ३९ डेसिबलने ऐकू येते, शांत खोलीत अगदी स्पष्ट. दोन मायक्रोव्होल्टच्या अँपवर तीच १९ डेसिबलला उतरते आणि जवळजवळ मिटते. मालिकेत रेझिस्टर असलेला आवाज-कमी करणारा जोड लावला तर सळसळ दबते, पण आउटपुट इम्पीडन्स वाढून टोन बदलतो. बॅलन्स्ड आर्मेचरला तो लावू नका.

बारीक आवाजात एक बाजू जास्त वाजणं. व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरचे दोन भाग सुरुवातीच्या टप्प्यात एकसारखे चालत नाहीत. नॉब आठ-नऊ वाजण्याच्या काट्याइतकाच फिरवावा लागत असेल तर गेन, म्हणजे अँप सिग्नल किती पट करतो ते, जास्त आहे. गेनचा स्विच खाली करा. नसेल तर प्लेयरचाच आवाज थोडा उतरवा, म्हणजे नॉब मध्याकडे येईल. सीमॉयमध्ये १० किलोओहम आणि १ किलोओहमच्या जोडीने गेन ११ पट होतो. इयरफोनसाठी तो फारच झाला. १ किलोओहमच्या जागी ४.७ किलोओहम घातला की गेन तिपटीवर येतो आणि सळसळही खाली उतरते.

आवाज फाटणं. तीन जागा तपासा, याच क्रमाने. प्लेयरचा व्हॉल्यूम शंभर टक्क्यांवर असेल आणि त्याचं आउटपुट शेवटच्या टप्प्यात छाटलं जात असेल तर ८०-९० टक्क्यांवर आणा. प्लेयरला खरं लाइन आउट (व्हॉल्यूम आणि हेडफोन अँपच्या आधीचं आउटपुट) असेल तर तेच वापरा. जुन्या आयपॉडच्या ३० पिनच्या जोडणीतून ते मिळायचं आणि आतल्या हेडफोन अँपला वळसा घालून सिग्नल बाहेर यायचा. मग अँपचं इनपुट पाहा: दोन व्होल्टचा लाइन आउट आणि अँपचा गेन जास्त असेल तर अँपच छाटतो. शेवटी बॅटरी. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अँप बॅटरी उतरल्यावर बंद पडत नाही, आधी ठोक्यांवर फाटायला लागतो.

गुणगुण किंवा चर्र असा आवाज. मोबाइल आणि अँप एकाच चार्जरवरून चार्ज होत असतील तर ग्राउंड दोन वाटांनी जोडला जातो आणि चार्जरचा गोंगाट मधल्या वायरीत शिरतो. एक चार्जिंग काढा. राहून राहून येणारी टर्र-टर्र मात्र मोबाइलच्या टूजी सिग्नलची, सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होणाऱ्या प्रक्षेपणाची. फ्लाइट मोड चालू करताच थांबली तर तीच. अँप आणि मोबाइल पाठीला पाठ लावून रबरबँडने बांधू नका, मधली वायर जमेल तेवढी आखूड ठेवा.

बॅलन्स्ड आउटपुट वापरताना

२.५ किंवा ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकमधून (ज्यात प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र अधिक-उणे तारा असतात) सहसा दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे सहा डेसिबल. २५० ओहमच्या हेडफोनला याचा उपयोग आहे, कारण वेगळा अँप न घेताच उणीव बरीचशी भरून निघते. पण त्याच वेळी आउटपुट इम्पीडन्सही साधारण दुप्पट होतो, त्यामुळे आर्मेचरच्या इयरफोनला तो जॅक लाभेलच असं नाही. बॅलन्स्ड जॅकवर साधी ३.५ मिलिमीटरची पिन चालवणारा जोड मात्र कधीही लावू नका. बॅलन्स्डमध्ये दोन्ही चॅनेलच्या उणे टोकांवरही सिग्नल असतो. साध्या पिनमध्ये ती दोन टोकं एकत्र जोडलेली असतात, त्यामुळे दोन अँपची आउटपुटं एकमेकांवर शॉर्ट होतात. यंत्र तापून चिप जळू शकते. उलट दिशेचा जोड, म्हणजे बॅलन्स्ड वायरचा हेडफोन साध्या ३.५ च्या जॅकवर चालवणारा, सुरक्षित आहे. जोड विकत घेताना मादी बाजू कुठली आणि नर बाजू कुठली हे हातात घेऊन बघा: जी पिन अँपमध्ये जाणार आहे ती ४.४ ची आणि भोक ३.५ चं असेल तर तो परत ठेवा.